मिराबाईची सोबत

कळमनुरी,
१२ जुलै २०२३

ती. आत्याबाईस करुणाचा सविनय जयभीम.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. मामा गेल्यापासून तू उंबऱ्याबाहेर पडत नाहीस, असं प्रेमानंददादानं पुण्याहून कळवलं. आमच्या संस्थेतून वयस्कर माणसांकडे गेलं की आम्ही आधी दुखणं विचारत नाही. याआधीचे वाईट दिवस कुणाच्या आधारानं काढले, ते विचारतो. तेच आज तुला विचारते. हसून टाळू नकोस. गोळ्या वेळेवर घे.

माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
करुणा

डोंगरकडा,
२ ऑगस्ट २०२३

चि. करुणास आत्याचा जयभीम आन आशीर्वाद.

असले सवाल इचारायचा पगार भेटतो व्हय तुला, म्हणून आधी हसूच आलं. मग इचार केला. प्रेमानंद पोटात होता, आमचे मालक, तुझे मामा, कामाला लांब होते, तवा मिराबाई होती. आमी दोघी कुरुंद्याला हळद काढायला जायचो. मला ताप आला की माझ्या वाट्याची सरीबी तीच काढायची. पुढं पोरांच्या सोयरिकीवरून बोलणं तुटलं, ते तुटलंच.

परवा गेले तिच्याकडं. तिला आता दिसत न्हाई. कोन हाय, असं तिनं इचारलं असंल; मला नुसते ओठ दिसले. मी कमल म्हणल्यावर तिनं सरकून जागा करून दिली. आता रोज सांजच्याला दोघी विहारापस्तोर जातो. खड्डा मी पाहते. मागून गाडी आली की ती माझा हात दाबते. लोक हसून राहिले. हसू दे.

सवड काढून ये, आन तोंड दाखव.

तुझी,
आत्या

पुणे,
१० फेब्रुवारी २०२४

चि. करुणास अनेक आशीर्वाद.

न्हाणीत पडले ते हाड जुळलं. आता एकटीनं राहणं बराबर न्हाई, असं तूबी म्हणलीस, म्हणून प्रेमानंदसंगं आले. इथं कशाची तकलीफ न्हाई. सुनबाई साक्षी तर पाण्याचा गिलासबी उचलू देत न्हाई. दिवस मोठा वाटतो, इतकंच.

मिराला तेवढी भेटून ये. बरी झाले की येते, असं तिला सांगून निघाले होते. तिला खरं वाटलं का, ते इचारू नको. नुसती जवळ बसून ये.

जिवाला जपत जा.

तुझी,
आत्या

कळमनुरी,
३ एप्रिल २०२४

ती. आत्याबाईस जयभीम.

कसं लिहू कळत नाही. मिराबाई गेली. मी आज जाते, उद्या जाते करत राहिले आणि उशिरा पोचले. तिचा मुलगा किसनराव भेटला. तू गेल्यावरही ती संध्याकाळी लुगडं नीट करून दारात बसायची, असं तो म्हणाला. सुनेनं हात पुढं केला तर नको म्हणायची, कमल येईल म्हणायची. नंतर दारात बसणं सुटलं, मग जेवणही. साध्या तापाचं निमित्त झालं.

माणूस कशाच्या बळावर उभं आहे ते आधी बघा, हेच मी सगळ्यांना सांगत फिरते. तुझ्या वेळी मला न्हाणीतली ओली फरशीच दिसली.

रागावलीस तरी मला दूर करू नकोस.

तुझी,
करुणा

पुणे,
१४ एप्रिल २०२४

चि. करुणास आशीर्वाद.

पत्र पोचलं. सोताला बोल लावू नको. फरशी ओलीच होती. मन लागत नसंल तर गावाकडं सोडून येतो, असं प्रेमानंद म्हणाला. मी न्हाई म्हणलं. सांजच्याला कुणाचा हात धरू तिथं?

एक सांगते. मला न्यायचं ठरलं तवा तू इचारलं, प्रेमानंदनं इचारलं, डॉक्टरनंबी इचारलं. मी व्हय म्हणलं. मिराला कुणीच इचारलं न्हाई. मीबी न्हाई.

आता कुण्या म्हातारीला लेकरं न्यायला आली, तर तिच्या शेजारच्या घरीबी जात जा. तिथं कोन मागं राहून राहिलं, ते पाहून ये.

तुझ्यावर राग न्हाई. पत्र टाकत राहा.

तुझी,
आत्या