रुखमाच्या अंगणातलं निवडुंग

९ जून, मोहर्ली.
सकाळच्या बसने चंद्रपूरहून रुखमाकडे, म्हणजे धाकट्या बहिणीकडे आलो. माझ्या चित्रप्रदर्शनाचा विषय पक्का: वाळवंटातले पक्षी आणि रात्री उमलणारं निवडुंग. पक्षी मोबाइलवर बघून काढून झाले. राजस्थानला प्रत्यक्ष जाणारच होतो, पण तिथे साप फार. निवडुंग मात्र समोर बसूनच काढणार. रुखमाच्या अंगणात आहे. लोक त्याला ब्रह्मकमळ म्हणतात. फूल रात्री उमलतं, सकाळी खलास. रात्रभर एकटा बसणार. कलावंताला भीती नसते.

१० जून.
बिबट्याने शेजारच्या लालसूची बकरी नेली. भरवस्तीतून! रुखमाने हे भाजी निवडता निवडता सांगितलं. तिचा नवरा लटारू सफारीची जिप्सी चालवतो. तो म्हणाला, "येतच राह्यते थो."
नवा विचार: मोठे चित्रकार अंतर राखून बघतात. खिडकीतून काढीन.

११ जून.
खिडकी बंद ठेवली. डास. रात्री कौलांवर काहीतरी चाललं. माकड असणार. माकडं रात्री झोपतात, हे नंतर आठवलं. झोप नाही. पण चित्राची कंपोझिशन डोक्यात तयार आहे.

१२ जून, संध्याकाळ.
कळी टम्म फुगलीय. आज उमलणार. लटारू मुक्कामाला चंद्रपूरला. रुखमा म्हणाली, "दादा, भेव लागत असन तं मी बसू का सोबत?" हसलो. तिला आत पाठवलं.

त्याच रात्री.
अंगणात कळीसमोर बसलो होतो. कळीची एक पाकळी हलली. तेवढ्यात मागे पाचोळा वाजला. मग श्वास, अगदी मानेजवळ. डोळे मिटून, शांतपणे उठून घरात आलो. आतून कडी. दाराला पलंग लावला. ते दारापर्यंत आलंय. दार ठोकतंय. कानात कापूस घातला. पांघरुणातच लिहितोय. रुखमा आतल्या खोलीत झोपलीय, सुखरूप. मोठ्या भावाचं काम मी केलं.

१३ जून.
उजाडल्यावर दार उघडलं. रुखमा पायरीवर बसलेली. शेजारी गार चहाचा कप. रात्री माझ्यासाठीच घेऊन आली होती. घराला दार एकच.
"किती हाका मारल्या तुले, दादा."
बिबट्या आला होता का, विचारलं.
"आला होता. कुंपणापाशी उभा राह्यला. मंग गेला."
फूल मान टाकून लोंबत होतं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, उमललं तेव्हा कसं दिसत होतं?
"पाह्यलंच नाई. मी कुंपणाकडंच पाहत होती."
मग ती आत गेली आणि माझ्यासाठी पुन्हा चहा ठेवला.