दातेरी रेघ

अण्णा,

माझ्या पोरीनं तुम्हाला कागदावर काढलंय. एक चौकोन आणि त्यावर फुली. पुरुष म्हणून चौकोन (बायकांना गोल), मेलेला म्हणून फुली. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मलीही नव्हती. वाघोडियाच्या बाजूला नवं कॉलेज निघालंय, तिथं ती सायकॉलॉजी शिकते, आणि तिथल्या मॅडमनी घरातल्या माणसांचा नकाशा करून आणायला सांगितलाय. दोन माणसांचं पटत असेल तर मध्ये सरळ रेघ, वैर असेल तर करवतीसारखी दातेरी. रविवारी मी मेथी निवडत होते, तर ही पेन्सिल घेऊन समोर बसली. "मम्मी, तुझी नि आजोबांची कुठली?" म्हटलं, सरळ. "मग शाळा का सोडलीस?" "नव्हती आवडत." "सातवीत पहिली आली होतीस ना? मामा सांगत होता." "मामाला काय कळतंय! ऊठ, भाजीवर पाय पडतोय तुझा."

खोटं बोलले. तेही तुमच्यासाठी! तुम्ही शाळेचे शिपाई. तरसालीच्या आपल्या खोलीपासून शाळा दोन गल्ल्यांवर. आईनं अंथरूण धरलं आणि तुम्ही माझं दप्तर धाकट्याला देऊन टाकलंत. मी रडले तर म्हणालात, "शिकून काय दिवे लावणार आहेस? कणीक मळ." दुसऱ्या दिवशी मी स्टोव्हपाशी बसलेय आणि तिकडे घंटा वाजतेय. तुमच्याच हातची. लोकांच्या पोरींना तुम्ही घंटा वाजवून आत घेत होतात, आणि तुमची पोर पोळ्या लाटत ती ऐकत होती. मधल्या सुट्टीत जेवायला यायचात, "आमटीत मीठ कमी" म्हणायचात, हात धुऊन पुन्हा घंटा वाजवायला जायचात. मला ऐकू येतेय हे तुम्हाला कळत नव्हतं? कळत होतं. सगळे म्हणतात, अण्णांची मजबुरी होती. असेल. पण आई वर्षभरात गेली. मग का नाही परत पाठवलंत? तेव्हा कसली मजबुरी होती? पोळ्या गरम मिळत होत्या, एवढंच ना?

आज ती कॉलेजला गेल्यावर मी तो कागद काढला. उद्या द्यायचाय तिला. माझं खोटं त्यात जायला नको, म्हणून तुमची सरळ रेघ खोडली आणि दात काढले, एकेक, नीट. मग नजर खाली गेली. माझा गोल, तिचा गोल, आणि मध्ये दातेरी रेघ. पेन्सिल दाबून दोनदा गिरवलेली. ही तिनं मला विचारली नव्हती. विचारायचं काय त्यात? तिनं हा विषय घेतला तेव्हा शेजारच्या गुजराती बेन "सरस, सरस" म्हणत कौतुक करत होत्या आणि मी त्यांच्यासमोर म्हणाले होते, "वेड्यांचं शिकून काय दिवे लावणार आहेस?" ती चपला घालून निघून गेली. मी तर तेवढंही केलं नव्हतं.

तिच्या वहीचं पान फाडून हे लिहिलंय. चुलीत घालायचं तर आता चूल नाही, बारीक तुकडे करून टाकीन. शाळा का सोडली ते संध्याकाळी तिला तोंडानंच सांगेन. खोडरबर अजून हातातच आहे. दोनदा त्या खालच्या रेघेपाशी नेलं. नाही खोडली. बरोबर काढलीय तिनं.