चौथे कलम न वाचणाऱ्या नातेवाइकांस

मी, खाली सही करणारी, टेलिफोन खात्यात जन्मभर लोकांची बोलणी जोडून देऊन निवृत्त झालेली विधवा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तेवढी कोणाची टाप नाही.

१. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलेला माझा आधीचा मसुदा रद्द समजावा. त्या ग्रुपचे कायदे कोणी लिहिलेले नाहीत, पाळतात मात्र सगळे. "मला काही बोलायचं नाही," म्हणणारा सर्वांत लांब लिहितो. तणतणत ग्रुप सोडणारा जेवणाआधी परत येतो आणि "चुकून दाबलं गेलं" म्हणतो. वादात हरलेला सुविचार टाकतो. आणि मजकूर जितका लांब, तितका अंगठा लवकर उमटतो.

२. हा शेवटचा कायदा तपासण्यासाठी मसुद्याच्या चौथ्या कलमात मी लिहिले होते, 'हे वाचणाऱ्याने मला फोन करावा, घर त्याचे.' मुलाने अंगठा दिला. पुतण्याने हात जोडले. नणंदेने लिहिले, "किती सुंदर विचार, वहिनी!" फोन वाजलाच नाही. शेवटी मीच मुलाला विचारले, "वाचलंस का रे?" "अगं आई, शब्दन् शब्द!" कॉन्व्हेंटात सिस्टर पट्टी उगारून सांगत, आधी वाच, मग तोंड उघड. पट्ट्या उगाच बंद झाल्या.

३. मुलास माझे वाचायचे चष्मे, सगळे. पुतण्यास मोबाइल, चार्जरशिवाय. नणंदेस काही नाही. तिला तेही सुंदर वाटेल.

४. माझे स्वकष्टार्जित राहते घर धाकट्या जावेस. सासूबाईंच्या शिवणयंत्रावरून ती माझ्याशी समोरासमोर बोलत नाही. ग्रुपवर मात्र माझे एक वाक्य तिने कधी सुखाने जाऊ दिलेले नाही. त्या दिवशी माझ्या मसुद्याखाली तिने एकटीनेच लिहिले, "कलम चार शुद्ध वेडेपणा आहे. घरं काय फोनवर वाटतात? मी फोन करणार नाही. आणि जाऊबाई, कलम दोनमध्ये हृदयाची शस्त्रक्रिया लपवलीत, ती कधी आहे?"

त्या प्रश्नाखालीही मुलाने अंगठा दिला. त्याला अजून पत्ता नाही.

५. उद्या दवाखान्यात सोबत धाकटी जाऊच येणार आहे. बोलणार नाही म्हणते. शिवणयंत्रही तिलाच द्यावे. फक्त ते माझे होते, असे तिने ग्रुपवर कबूल करावे. ती करणार नाही. तरीही द्यावे.

साक्षीदार: कोपऱ्यावरचा औषधवाला, वरच्या मजल्यावरची शिंपीण. दोघांनी शेवटपर्यंत वाचले आहे. मी उलटसुलट प्रश्न विचारून खात्री केली.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर
दिनांक: १४ जून, शस्त्रक्रियेचा आदला दिवस

सही: थोरली जाऊ