जुन्या एडिटरचं शेवटचं गिऱ्हाईक

ती. मामांना,

साष्टांग नमस्कार. (खुर्चीतूनच. कंबर धरली आहे, तेव्हा उरलेला तुम्ही समजून घ्यावा.) मी ठीक म्हणण्यासारखा आहे. तुमची ऑपरेशनची जखम भरली असेल, मामींचं गुडघ्यांशी पटत असेल आणि तुमचं मामींशी पटत नसेल, म्हणजे सगळं जागच्या जागी असेल, असं धरून लिहायला बसलो आहे. भेटायला येतो येतो म्हणून मी तुम्हाला किती झुलवलं ते मला ठाऊक आहे. मामींनी तर माझं नावच टाकलं असेल. पण या वेळी का अडकलो ते ऐका, मग काय बोलायचं ते बोला.

तू ऑफिसात नेमकं करतोस काय, हे तुम्ही दर खेपेला विचारता आणि मी दर खेपेला विषय बदलतो. आज सांगतोच. तुम्ही ज्या एडिटरमध्ये आत्मचरित्र टाइप करता (तुमचा जन्म झाला का त्यात? मागच्या खेपेला आजोबांच्या लग्नाशीच अडला होतात), त्याला आमची एक छोटी जोडणी लावलेली असते. एकच शब्द जवळच्या जवळ दोनदा आला की ती खाली लाल रेघ मारते. तुम्ही जिला खडूस मास्तरीण म्हणता तीच. एडिटर मात्र दुसऱ्याच कंपनीचा. ती कंपनी उठल्यासुटल्या नवी आवृत्ती काढते, आणि आमची मास्तरीण जुन्या, चालू आणि येऊ घातलेल्या अशा तिन्ही आवृत्त्यांत सारखीच वागते की नाही, हे बघणं माझ्या गळ्यात पडलं आहे. त्यासाठी टेस्ट लिहायच्या. टेस्ट म्हणजे, असं विचारलं की असंच उत्तर आलं पाहिजे, हे संगणकाला आधी सांगून ठेवायचं. आलं तर हिरवा दिवा, नाही तर लाल.

ऐकायला सोपं वाटतं. पण समजा, मामींनी तुम्हा तिघा भावांना "जेवलात का?" विचारलं. थोरले मामा "हो" म्हणतील, धाकटे "मघाशीच" म्हणतील आणि तुम्ही नुसता ढेकर द्याल. तिघंही जेवलेले. माझी टेस्ट मात्र "हो" ऐकायलाच कान टवकारून बसलेली, त्यामुळे तुम्ही दोघं उपाशी ठरता. इथेही तेच. एक आवृत्ती ओळी शून्यापासून मोजते, दुसरी एकपासून. एक सूचनेच्या शेवटी टिंब देते, दुसरीला तेवढेही कष्ट नकोत. नवीची समजूत काढली की जुनी फुगून बसते. 'जुनी असेल तर हे चालवून घे, नवी असेल तर ते' असं लिहून लिहून टेस्ट मूळ प्रोग्रामपेक्षा लांबल्या आहेत. वैतागलो आहे, मामा. स्वप्नातही लाल दिवे दिसतात.

शेवटी मला अक्कल सुचली. उत्तरं ताडून बघण्याआधी दोन्हीकडचा, म्हणजे हव्या असलेल्या आणि आलेल्या उत्तरातला, फालतू भाग खरवडून टाकायचा. टिंबं, मोकळ्या जागा, ओळींचे आकडे, सगळं. खरवडलं, आणि काय सांगू, तिन्हीकडे हिरवे दिवे! साहेबांनी (ते हसले की आम्ही एकमेकांकडे बघतो) सगळ्यांना चहा पाजला आणि माझी रजा मंजूर केली. मी बॅग भरली, तुमच्यासाठी मोठ्या अक्षरांचा कीबोर्डही घेतला. निघायच्या सकाळी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी सहज विचारलं, "अहो, दोन्ही बाजूंना काहीच उरत नाहीये, मग जुळतंय काय?" खरवडता खरवडता मी अक्षरंही खरवडली होती. काही नाही आणि काही नाही, हे तिन्ही आवृत्त्यांत अगदी बरोबर जुळत होतं. नव्या आवृत्तीत मास्तरीण कधीची बेशुद्ध पडली होती आणि आम्ही तिच्या नावानं चहा पीत होतो. रजा रद्द झाली. बॅग तशीच पडली आहे, रोज तिच्यातूनच शर्ट काढतो.

मग साहेबांनी विचारलं, जुनी आवृत्ती वापरतं तरी कोण? आमच्याकडे एक पडदा आहे. कुणी मास्तरणीसकट एडिटर उघडला की त्यावर ठिपका पेटतो. माणूस कळत नाही, आवृत्ती तेवढी कळते. जुन्या आवृत्तीसमोर एकुलता एक ठिपका. "त्या गृहस्थाला नवी आवृत्ती घ्यायला लावा, जुनीच्या टेस्ट फेकून द्या आणि खुशाल जा रजेवर," साहेब म्हणाले. मामा, तो ठिपका दुपारची झोप झाली की पेटतो, चहाची वेळ झाली की विझतो, आणि तुमच्या ऑपरेशनच्या आठवड्यात तो पेटलाच नव्हता. तुम्हाला भेटायला यायची रजा तुम्हीच अडवून बसला आहात. साहेबांना हे कुठल्या तोंडानं सांगू?

मामींना नमस्कार सांगा. त्यांनी तोंड फिरवलं तरी सांगा.

तुमचा,
तिन्ही आवृत्त्यांत सारखाच दमलेला भाचा

ता. क. तर विनंती अशी, की नवी आवृत्ती घ्या. उजवीकडे वर निळं बटण येतं, ज्याच्यावर तुम्ही वैतागून कागदाचा तुकडा चिकटवला आहे तेच. कागद काढा आणि दाबा.

आणखी एक ता. क. दाबू नका. हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, धीर झाला नाही. सोमवारपासून ठिपका पेटलेला नाही. मामी फोन उचलत नाहीत (डब्यांच्या मागे पडला असेल, नेहमीसारखा. पडलाच असेल). कामाचं निमित्त करून मी रोज दुपारी त्या पडद्यासमोर जाऊन उभा राहतो. ठिपका दिसला की मामा टेबलाशी बसले, एवढं कळतं आणि मला बरं वाटतं. नव्या आवृत्तीत गेलात तर त्या हजारो ठिपक्यांत तुम्हाला कुठे शोधू? माझी पत्रं तुम्ही मेलमधून उचलून त्याच एडिटरमध्ये अक्षर मोठं करून वाचता. हेही तसंच वाचा. उत्तर नको, नुसतं उघडा. उद्या दुपारपर्यंत ठिपका दिसला नाही तर साहेबांना न विचारता निघतो.

शेवटचा ता. क. दिसला तरी निघतो. बॅगेत एकच शर्ट उरला आहे, तेवढा पुरे.