आत्यांच्या पायासाठी इंग्रजी

४ मार्च, सोमवार
आज ठरवलं. इंग्रजी शिकणार. चर्चच्या हॉलमध्ये संध्याकाळी वर्ग असतो. दुखणं कसं सांगायचं आणि तब्येतीचा सल्ला कसा द्यायचा, एवढंच शिकवतात. बाकीचे सगळे ऑस्ट्रेलियातल्या वृद्धाश्रमांत नोकरीला जाणारे. मी जातोय वायसिनिआ आत्यांसाठी. त्यांच्या पायाच्या अंगठ्याला जखम झालीय, शुगर आहे, आणि दवाखान्याचं नाव काढत नाहीत. सांगणार कोण? वडिलांची थोरली बहीण. तिच्यापुढे घरात कुणी मान वर करत नाही, आणि तिला ‘असं करा’ म्हणायचं?

आमच्या बेटावरच्या टोंगन भाषेत राजासाठी शब्द वेगळे, सरदारांसाठी वेगळे. इंग्रजीत सगळ्यांना यू. राजाला यू, कुत्र्याला यू. म्हणजे मान न दुखवता सांगता येईल! ही युक्ती आजवर कुणालाच कशी सुचली नाही, कमाल आहे. लोसालीन म्हणाली, अहो, सरळ जा आणि सांगा ना, पाय दाखवून या म्हणून. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोला आमच्या घराण्याची रीत अजून कळत नाही.

७ मार्च, गुरुवार
पहिला वर्ग. जॅनेटबाई शिकवतात, पूर्वी नर्स होत्या. डोकं, पोट, गुडघा झालं. ‘यू शुड’ शिकलो. घरी येऊन अंगणातल्या डुकरिणीला इंग्रजीत म्हटलं, तू कमी खायला हवंस. तिनं ऐकलं नाही, पण उच्चार स्वच्छ आला.

१० मार्च, रविवार
चर्चनंतर आत्या आमच्याकडे जेवायला. अळूची पानं, कॉर्न बीफ, नारळाचं दूध. पायाला फडकं बांधलेलं. आज सांगणारच होतो, पण एकाच धड्याच्या जोरावर एवढ्या मोठ्या माणसाला बोलणं बरं नव्हे. त्यांनी विचारलं, काय रे मनासे, हल्ली संध्याकाळी असतोस कुठे? म्हटलं, शिकतोय, आत्या, तुमच्यासाठीच. माझ्यासाठी काय शिकतोस बाबा, म्हणून हसल्या. पाय मात्र चटईखाली ओढून घेतला. मी त्यांना आणखी वाढलं. नको म्हणाल्या नाहीत.

१८ मार्च, सोमवार
‘मस्ट’ शिकलो. फार कडक आहे, आत्यांना चालणार नाही. मधला काहीतरी प्रकार पुढच्या धड्यात आहे म्हणे. तोवर थांबणं शहाणपणाचं. बाईंनी विचारलं, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा पाय दुखतोय, काय सांगाल? मी हात वर केला आणि एका दमात सांगितलं: जखम धुवा, गोड सोडा, आजच डॉक्टरकडे जा. बाईंनी टाळ्या वाजवल्या. घरी सांगितलं तर लोसालीन म्हणते, पाय कुणाचा दुखतोय, आत्यांचा की बाईंचा? खवचट बाई.

२४ मार्च, रविवार, दुपार
मोठ्यांपुढे जाताना गुंडाळतात तशी कमरेला चटई गुंडाळून, रीतसर आत्यांकडे गेलो. खिशात इंग्रजी वाक्यांचा कागद. त्या ओट्यावर पडून होत्या, उठल्या नाहीत. मी खाली बसलो, घसा साफ केला आणि म्हटलं, आत्या, यू... त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, यू आर व्हेरी वेल. बरं, म्हणाल्या. सोबत नेलेला केक ठेवून आलो. अंगठा काळा दिसला. ओट्यावर उजेडच कमी आहे.
नवा निश्चय: सर्टिफिकेट हातात आल्यावर सांगायचं. शब्दाला वजन येतं.

२ एप्रिल, मंगळवार
काल रात्री मित्रांबरोबर गुंगी आणणारा कावा प्यायला बसलो होतो. लोपेती म्हणाला, तुझ्या आत्या यंदा ईस्टरलाही चर्चला दिसल्या नाहीत रे. तेव्हा शुगरवाल्यांनी पाय कसा जपावा हे मी सगळ्यांना इंग्रजीतून समजावून सांगितलं. ऐकता ऐकता दोघं झोपलेच. लोपेती म्हणाला, अरे शहाण्या, हे त्यांना सांग की! त्याला म्हटलं, तुला नाही कळायचं ते. सकाळी आत्यांकडे जाणार होतो, पण डोकं जड होतं. जड डोक्यानं सल्ला देऊ नये.

९ एप्रिल, मंगळवार
वर्गात पहिला! सर्टिफिकेट घेऊन तडक घरी. घरात कुणी नाही. शेजारीण म्हणाली, लोसालीन आत्यांना घेऊन हॉस्पिटलात गेली. मी विचारलं, तिनं त्यांना सांगितलं तरी काय? तर म्हणे, दारात उभं राहून एवढंच म्हणाली: आत्या, उठा, टॅक्सी आलीय.
दारात उभं राहून! ना बसणं, ना मान. ही काय बोलायची पद्धत झाली? आज रात्री तिला समज देणार आहे.

११ एप्रिल, गुरुवार
परवा रात्री लोसालीन घरी आली नाही. कालही नाही. आत्यांजवळच आहे.
आज हॉस्पिटलात गेलो. आत्यांच्या पायाची दोन बोटं काढली. डॉक्टर म्हणाले, महिन्याभरापूर्वी आणलं असतं तर मलमपट्टीवर भागलं असतं. मी खाटेजवळ जमिनीवर बसलो.
आत्या म्हणाल्या, रोज दुखायचं रे. पण आपण होऊन दवाखान्यात गेले असते, तर लोक म्हणाले असते, भावाच्या घरात हिला विचारणारं कुणी उरलं नाही. थोरला तू. दर वेळी वाटायचं, आज हा म्हणेल, चला आत्या. एवढं म्हणाला असतास तर तशीच उठले असते.
मग म्हणाल्या, आता तरी बोल की काहीतरी. आपल्या भाषेत बोल, नाहीतर त्या इंग्रजीत बोल.
मी पांघरूण त्यांच्या पायावर नीट ओढून दिलं.