श्री. मारुतीराव यांची देणगी

२ मार्च २०२५, रविवार
मुलींच्या आश्रमात नवा फळा लागला! अगदी दारात. देणगीदारांत तिसरं नाव — सौ. सौम्या. माझी धाकटी जाऊ! या घरात येऊन सात वर्षं झाली नाहीत तिला. मी अठरा वर्षं देतेय. हातमागावर उभ्या धाग्यांचा नवा ताणा चढला की पहिली साडी आश्रमातल्या लग्नाच्या मुलीला — सासूबाईंपासूनची रीत. माझं नाव कुठंच नाही.

आश्रम सांभाळणाऱ्या यशोदाबाईंना विचारलंच. "आक्का, साडीची पावती न्हाय निघत. पैशाचीच निघते. सरकारचा कायदाच तसा हाय, आमी काय करणार?"

चार-चार दिवस मागावर बसून कंबर मोडते, त्याची पावती नाही!

५ मार्च
सौम्या कॉलेजात शिकवते, पगार बँकेत. देणगी दिली की टॅक्समध्ये सूट मिळते म्हणे. म्हणजे हिचे वर्षाचे दहा हजार, त्यातले थोडे सरकारच सोसतं! अशी दानशूर मीही झाले असते.

११ मार्च
आज दोन भाकरी जास्त खाल्ल्या. सौम्याच बोलून गेली — तिचा टॅक्स आता नव्या पद्धतीनं कापतात, त्यात देणगीची सूटच नाही. मी तोंडानं "अगंबाई!" म्हटलं. मनात म्हटलं, आता बघू किती देतेस!

१५ मार्च
दिले. तिनं पुरे दहा हजार दिले! नुसती जळून गेले.

२० मार्च
नव्या ताण्याची पहिली साडी उतरली. आंबा रंग, हिरवा काठ. इतकी देखणी माझ्या हातून आजवर उतरली नव्हती. आश्रमातली पोरगी जयवंता, तिचं लग्न तीस तारखेला, साडी खरं तर तिची.

मी ती शहापुरात दुकानदाराला विकली. होय, विकली! तीन हजार आले ते घेऊन थेट आश्रमात. जयवंताला आश्रम घेईल कुठलीतरी. मला फळ्यावर नाव पाहिजे.

तर तिथला क्लार्क म्हणतो, "दोन हजाराच्या वर रोख दिलं तर सूट मिळत न्हाय बघा. फोनवरनं पाठवा." मला कसली आलीय सूट! पण तो ऐकेना. वर म्हणतो, पॅन नंबर सांगा. माझं ना पॅन, ना फोनवर खातं. शेवटी आमच्या ह्यांना बोलावलं. पैसे ह्यांच्या फोनवरून गेले, नंबर ह्यांचा लागला.

२६ मार्च
फळ्यावर नाव आलं. श्री. मारुतीराव!! ज्या माणसानं जन्मात कुणाला सुपारीचं खांड दिलं नाही, तो टोपी घालून दोनदा बघून आला. "लई ठसठशीत रंगवलंय गं!" तक्रार केली तर यशोदाबाई म्हणतात, पावतीवर जे नाव तेच फळ्यावर.

भाजी करपली. करपू दे.

२८ मार्च
सौम्या आली होती. चहा पिता पिता म्हणते, "आक्का, खरं सांगू? मला तुमचा लई हेवा वाटतोय. इतकी वर्षं पैसे देते, पण फळ्याकडं एक पोरगी ढुंकून बघत न्हाय. लग्न झालेल्या पोरी आश्रमात आल्या की आक्कांची साडी म्हणून नेसून येतात. जयवंता रोज विचारतेय, माझी कुठल्या रंगाची?"

तोंडातून निघून गेलं — "आंबा. हिरवा काठ."

सौम्या जयवंताला सांगायला गेलीसुद्धा.

दुकानात फोन केला. साडी त्याच दिवशी खपली म्हणे. लग्न परवा आहे. एका साडीला चार दिवस लागतात.