सैल धरलेली चादर

कोन्स्तान्सा, ३ मार्च १९८६

चि. योकास्ता,
आशीर्वाद आहेतच, रागही आहे, तो खाली लिहिते.

त्या सकाळी मी फडक्यातून कॉफी गाळली होती, कच्ची केळी उकडून कुस्करायला घेतली होती आणि धुतलेली चादर दोरीवर टाकली होती. तुझे काका नाश्त्याची दोन अंडी घेऊन अंगणात आले. चादरीची एक बाजू त्यांनी खांबाला बांधली, दुसरी माझ्या हातात दिली. प्रयोग वर्गात दाखवायच्या आधी घरी करून बघू म्हणाले. त्यांनी पहिलं अंडं चादरीवर फेकलं तेव्हा मी ती घाबरून ताणून धरली. अंडं फुटलं. सैल सोड गं ओब्दु, असं म्हणून त्यांनी दुसरं त्याहून जोरात फेकलं. ते फुटलं नाही. मग तेच आम्ही दोघांनी वाटून खाल्लं.

आता तू लिहितेस, आवेगाच्या तासाला तीच चादर पाठव. बसवाल्या फोन्सोने तुझं पत्र हातात ठेवलं आणि वर ऐकवलं की त्याची मुलगी म्हणते, योकास्ताबाई संवेग असा शिकवतात की प्रोफेसर अन्सेल्मोंनाही जमलं नसतं.

मला हेवा वाटला, पोरी. त्यांचा वर्ग तुला मिळाला, त्यांचं टेबल मिळालं, आता टाळ्याही. मला ही चादर उरली, मी तिच्यावर झोपते. ती मिळणार नाही. त्यांचं पुस्तक मी इथे रोज थोडं वाचते. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, एवढं मलाही कळतं. तुझी आई म्हणते, त्यापेक्षा भाजी निवड.

खोकल्यावर आलं घे. रागावले म्हणजे माया आटली असं समजू नकोस.
तुझी मावशी ओब्दुलिया

सान पेद्रो, ९ मार्च

ती. मावशी,
आधी आशीर्वाद दे, भांडण नंतर. शि. सा. न.

फोन्सोची मुलगी काकांच्या वर्गात कधी बसलीच नाही. तिचं काय ऐकतेस! आणि हेव्याचं म्हणशील तर माझा ऐक. मी फळ्यावर काहीही लिहिलं की मुख्याध्यापक दारातून म्हणतात, अन्सेल्मो असता तर. इथे मेलेल्या माणसाशी चढाओढ चालली आहे माझी, आणि तोच जिंकतोय.

परवा शाळेचा पडदा घेऊन प्रयोग केला. सगळी पोरं बेसबॉल खेळणारी, चेंडू झेलताना हात मागे घेतात, म्हणजे कळतं त्यांना सगळं. पण अंडं वाचवायचं म्हटल्यावर पडदा ढोलासारखा ताणला. सैल धरा, सैल धरा, मी ओरडतेय. अंडं मुख्याध्यापकांच्या विजारीवर. ते म्हणाले, शुक्रवारी शेवटची संधी. पुन्हा फुटलं तर हा प्रयोग कायमचा बंद, पुस्तकातून वाचून दाखवायचं.

काकांचा तास माझ्या हातून बंद पडायला नको, मावशी. त्यांच्या वर्षाच्या प्रार्थनेला तू येणारच आहेस; थोडी आधी ये. चादर आण किंवा आणू नकोस. पण तू ये.

तुझ्या शिव्यांचीही वाट बघणारी,
योकास्ता

सान पेद्रो, गुरुवार, १३ मार्च

चि. सौ. इर्मा,
आशीर्वाद. न सांगता निघाले म्हणून रुसली असशील. सांगितलं असतं तर तू डबा केला असतास, आणि डबा होईपर्यंत माझा विचार बदलला असता.

आज तुझ्या लेकीच्या वर्गात मागच्या बाकावर बसले. खोट काढायलाच बसले होते. तिने सांगितलं, येणाऱ्या वस्तूचा संवेग संपवावाच लागतो, त्यात सूट नाही. पण थांबवायला जितका वेळ द्याल तितका मार कमी. आवेग तेवढाच, बल कमी. छान शिकवते. ते मला आवडलं नाही. ह्यांच्यापेक्षा बरं शिकवते की काय, असंही एकदा वाटलं.

ह्यांचं जाणं भिंतीसारखं आलं, इर्मा. वेळ म्हणून मिळालाच नाही.

चादर पिशवीत आहे. योकास्ताने विचारलं नाही, मी काढली नाही. फोन्सोची बस शनिवारी, तोवर हे पत्र इथेच राहील. माझ्या कोंबड्यांना ओरडू नकोस आणि मला विसरू नकोस.
तुझी ताई

ता. क. शुक्रवारी मी वर्गात चादर उलगडली. तीन टोकं पोरांना दिली, चौथं मी धरलं. योकास्ताने अंडं फेकलं तेव्हा मी हात सैल सोडला. ते फुटलं नाही.